सव्वाचारचे पाच निरोप

आमच्या भावोजींच्या घरी नुसती बेल वाजवून दार उघडत नाही. बेल वाजवायची, कडी खडखडवायची आणि वर "भावोजी, मी आलोय" असं ओरडायचं. तिन्ही एकदम. मग आतून चपलांचा आवाज येतो. नुसती बेल वाजवलीत तर हा माणूस आत खुर्चीत ढिम्म बसून राहतो, आणि नंतर जाब विचारला तर म्हणतो, "एकाच निरोपावर हलायचं नसतं. बेल काय, बिघडली तरी वाजते." अहो, पण वाजली तर उठून बघायला काय होतं? पण वाद घालायची सोय नाही. माणूस इतका शांत, की पाच मिनिटांत आपणच खुळे आहोत असं वाटायला लागतं.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. एका संशोधन संस्थेत ते पेशी सांभाळतात. शास्त्रज्ञ नव्हेत हं. शास्त्रज्ञ येतात, दोन-तीन वर्षं घाईघाईने प्रयोग करतात आणि दुसरीकडे निघून जातात. भावोजी सव्वीस वर्षं तिथेच आहेत. प्लॅस्टिकच्या चपट्या बाटल्या असतात. तळाला जिवंत पेशींचा थर, डोळ्यांना दिसत नाही इतका पातळ. वर गुलाबी पाणी, ते त्यांचं खाणं. अंगाइतक्याच उबदार कपाटात बाटल्या मांडून ठेवलेल्या. दर दोन दिवसांनी जुनं पाणी काढायचं, नवं घालायचं, सूक्ष्मदर्शकातून बघायचं आणि वहीत लिहायचं. शास्त्रज्ञ मंडळी तिथे पानंच्या पानं भरतात. भावोजी लिहितात, "बाटली चौदा: खुशाल." घरच्या पत्रात लिहावं तसं. आणि एखादी दगावली तर त्या दिवशी घरी येऊन आधी अर्धा तास गॅलरीत उभे राहतात.

या पेशींनीच त्यांचं डोकं बिघडवलं, असं माझं स्पष्ट मत होतं. एकदा मी चिडून विचारलं, "असं काय शिकवतात हो तुम्हाला त्या बाटल्या?" तर चष्मा पुसत म्हणाले, "पेशीला काय एक निरोप येतो का? खाणं आलं. शेजारणीचा धक्का लागला. पायाखाली धरायला जागा आहे. एकीकडून 'वाढ' म्हणून सांगणं आलं, दुसरीकडून 'थांब' म्हणून. सगळं एकाच वेळी. तिच्या अंगावर हजारो कान, आणि प्रत्येक कानाला एकच आवाज कळतो. पण आत गेल्यावर हे निरोप एकमेकांत मिसळतात. कुणी कुणाचा जोर वाढवतं, कुणी कुणाचं तोंड दाबतं. त्या सगळ्या गलक्यातून ती एकच काय ते ठरवते. आणि तुम्ही नुसत्या बेलवर दार उघडता!"

तेव्हापासून ते पेशीसारखे जगायला लागले म्हणावं, तर तसंही नाही. ते आधीपासूनच तसे असावेत. ताईने लग्नाला होकार दिला तेव्हा हा माणूस गप्पच. शेवटी ताईने पुढे होऊन त्यांचा हात धरला, आमचे वडील दारात येऊन खोकले, तेव्हा कुठे म्हणाले, "बरं." संस्थेत एकदा आगीचा भोंगा झाला. अख्खी इमारत खाली पळाली, भावोजी बाटल्यांपाशी बसून. भोंगा आहे, पण धूर नाही, चटका नाही, आणि पळणारे लोक हसताहेत. एकाविरुद्ध तीन. निघाली रंगीत तालीमच! त्यांचं बरोबर ठरलं, हेच वाईट झालं. त्यानंतर ताई 'जेवायला चला' म्हणून हाका मारून दमते. ताटांचा आवाज आणि फोडणीचा वास येईपर्यंत स्वारी उठत नाही.

या माणसाचं एका बाईवर मात्र फार मन होतं. माझ्या आईवर.

आई माझ्याकडे राहते. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, समोरच्या खोलीत मी आणि माझी नोकरी, आतल्या खोलीत ती आणि तिची खिडकी. बोलायची, म्हणजे किती बोलायची! खिडकीतून खालच्या इस्त्रीवाल्याशी, भिंतीतून शेजारच्या शिवणवाल्या काकूंशी, गॅसवरच्या दुधाशी, आणि वर माझ्याशी. तेही एकाच दमात. "निळा शर्ट आमचा नाही रे, काकू, सुई बोथट झालीय ती, बदला आधी, आणि तू तो टॉवेल काय घडी घातलायस की गुंडाळलायस, अगं बाई, दूध!" चार ठिकाणची खबर, एक वाक्य, आणि दूध उतू जायच्या आत गॅस बंद. रविवारी भावोजी यायचे ते तिच्यासमोर खुर्ची घेऊन बसायचे. म्हणायचे, "आईंसारखी पेशी मी सव्वीस वर्षांत पाहिली नाही." आई म्हणायची, "जावईबापू, चहा गार होतोय." हे सांगूनही भागायचं नाही, कप हातात द्यावा लागायचा.

आता माझी नोकरी. पाण्याच्या पंपांच्या कंपनीत मी तक्रारी ऐकतो. घरूनच, कानाला हेडफोन लावून. पंप चढत नाही, पंप गळतो, पंप ओरडतो, माणसं ओरडतात. आम्हाला एक वाक्य ठरवून दिलेलं आहे, ते मी दिवसातून शंभर वेळा गोड आवाजात म्हणतो: "कृपया एका वेळी एकच तक्रार सांगा." माझं पोटच त्या वाक्यावर चालतं. आणि पाठीमागे आईची अखंड आकाशवाणी. साहेबांनी दोनदा ताकीद दिली होती, पाठीमागे बाई बोलतात म्हणून. तिसऱ्यांदा एक गिऱ्हाईकच म्हणालं, "आधी त्या बाईंना बोलू द्या, मग मी सांगतो."

माझं डोकं सटकलं. हेडफोन काढून मी आतल्या खोलीत गेलो आणि म्हणालो, "आई, वीट आलाय मला तुझ्या बोलण्याचा. गप्प बस. कायमची गप्प बस."

ती टॉवेलची घडी घालत होती. घडी पुरी केली, टॉवेल उशाशी ठेवला, आणि दार हळूच लोटून घेतलं. त्यानंतर सत्तेचाळीस दिवस ती एक अक्षर बोलली नाही.

मी हे कुणालाही सांगितलं नाही. ताईला नाही, डॉक्टरांना नाही. काय तोंडाने सांगणार? डॉक्टरांनी बॅटरी मारून घसा पाहिला, जीभ पाहिली, म्हणाले सगळं शाबूत आहे. मी मान डोलावली, जसं काही मला नवलच वाटलं. तिने खिडकीकडे पाठ केली. भिंतीकडे तोंड करून बसायची. जेवण दोन घासांवर आलं. आम्ही घरात चवड्यांवर चालायला लागलो, काकूंना मशीन दुसऱ्या खोलीत न्यायला लावलं, इस्त्रीवाल्याला खालून हाक मारायची बंदी केली, आणि दिवसातून चाळीस वेळा तिच्या कानाशी जाऊन "आई, बोल ना गं" म्हणायला लागलो. वजन सहा किलो उतरलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "सोमवारी घेऊन या. नाकातून नळी घालून भरवावं लागेल." ताई त्यांच्यासमोरच रडायला लागली.

सहा रविवार तिच्यासमोर नुसते बसून गेलेले भावोजी या वेळी शनिवारीच आले. बेल, कडी, हाक, तिन्ही त्यांनी स्वतःच केलं. आईला नमस्कार केला, घरभर एक फेरी मारली आणि आमच्यावरच उखडले. म्हणजे त्यांच्या मानाने उखडले. आवाज तोच, फक्त चष्मा काढला.

"काय चालवलंय हे? सकाळ-संध्याकाळ एकच निरोप, आई बोल, आई बोल. एकच निरोप सारखा दिला की पेशी काय करते माहीत आहे? आपले कान आत ओढून घेते. आणि बाकी सगळं बंद! शेजारीण नाही, खिडकी नाही, कुणाचा धक्का नाही. पेशीला खालचा आधार काढून नुसती पाण्यात तरंगत ठेवा, खाणं हवं तेवढं घाला. ती मरते. कुणी मारावं लागत नाही, ती स्वतःच आपला गाशा गुंडाळते. मी पाहिलंय."

ताईने हातातला कप खाली ठेवला.

"उद्या सव्वाचारला," भावोजी म्हणाले आणि वही काढली.

सव्वाचार ही आईची भर बोलण्याची वेळ. योजना अशी: एक, ताईने दूध उतू घालायचं. दोन, काकूंनी भिंतीला मशीन लावून दोऱ्याशिवाय चालवायची. तीन, इस्त्रीवाल्याने खालून निळ्या शर्टाची चौकशी करायची. चार, माझा कामाचा फोन तिच्या खोलीत वाजला पाहिजे. रविवारी माझी पाळी होतीच. पाच, मी तिच्यासमोर टॉवेलची चुकीची घडी घालायची. पाचही नव्वद सेकंदांत. "एकामागून एक नकोत. पहिला विरायच्या आत पाचवा पोचला पाहिजे."

"आणि तुम्ही काय करणार?" मी विचारलं.

"मी पाय धरणार. त्यांचा डावा पाय. तो निरोप नव्हे, तो आधार."

एक शहाणा माणूस खोलीत असता तर तो तिथून निघून गेला असता. आम्ही सगळे हो म्हणालो.

रविवारी पहिल्या फेरीचा पार बोजवारा उडाला. इस्त्रीवाला भलताच उतावळा, चार वाजून पाच मिनिटांनीच "निळा शर्ट कुणाचा?" म्हणून ओरडला, आणि तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ "माझा, माझा" करत खाली जाऊन तो घेऊनही गेले. ताईने गडबडीत भलताच बर्नर पेटवला, दूध थंडगार. काकूंना सवयीने दोऱ्याशिवाय चालवणं जमेना, त्यांनी एक उशीचा अभ्रा शिवून टाकला. पलंगावर आई, भिंतीकडे तोंड. जमिनीवर मांडी घालून भावोजी, तिचा पाय मांडीवर घेऊन, हातात घड्याळ. "पुन्हा," ते म्हणाले.

दुसरी फेरी चार एकतीसला. इस्त्रीवाल्याने या वेळी पांढऱ्यालाच निळा म्हटलं. मशीन खडखडली, दूध फसफसलं, करपल्याचा वास आला, फोन वाजला, मी टॉवेलचा बोळा केला. आणि आईची मान हलली! खिडकीकडे वळली. ओठ उघडले. मग तिची नजर खिडकीवरून घसरत माझ्यावर आली, आणि ओठ मिटले.

जमिनीवरून भावोजींनी ते पाहिलं. "निरोप पोचताहेत," ते सावकाश म्हणाले. "पण खोलीत कुणीतरी 'थांब' म्हणतंय. दहा जण 'चल' म्हणाले तरी कधी कधी तो एकटा पुरतो. वस्तू एकेक करून बाहेर काढा."

हे त्यांच्या संस्थेतलं काम. बाटलीत काहीतरी बिघडवतंय पण काय ते कळत नसलं, की एकेक गोष्ट वगळून बघतात. इस्त्रीवाल्याला वर बोलावलं आणि आम्ही दोघांनी आधी घड्याळ बाहेर नेलं. फेरी. काही नाही. मग आरसा. फेरी. मग दोन खुर्च्या, औषधांचं टेबल, लोखंडी कपाट. प्रत्येक वेळी दूध, मशीन, शर्ट, फोन. इस्त्रीवाला खाली जाऊन ओरडायचा आणि पुन्हा वर यायचा. ताईचं दीड लिटर दूध संपलं, शेजाऱ्यांकडून मागून आणलं. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ आता जिन्यात उभे राहून पुढचा शर्ट कोणत्या रंगाचा येतो ते बघत होते.

आणि मला माहीत होतं हो! 'थांब' कोण म्हणतंय हे त्या घरात मला आणि आईला, दोघांनाच माहीत होतं. म्हणूनच मी कपाट एकट्याने उचलायला धावत होतो. आयुष्यात एवढ्या हौसेने मी कधी सामान हलवलं नसेल. इस्त्रीवाला म्हणाला, "दमाने घ्या, पाठ धरेल." धरू दे मेली, म्हटलं.

शेवटी खोलीत उरलं काय? पलंग, आई, आईच्या पायाशी भावोजी, आणि मी.

भावोजींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बाटलीकडे बघतात तसं. "आता एकच राहिलं."

"तुम्ही पण आहात की," मी म्हणालो.

"मी आधार आहे."

मी बाहेर आलो. समोरच्या खोलीत, जिन्याच्या उघड्या दारापर्यंत, सगळं सामान मांडलेलं. मी टेबलाच्या आणि कपाटाच्या मध्ये उभा राहिलो, गळ्यात हेडफोन. आत फेरी झाली. मशीन ऐकू आली, दूध ऐकू आलं. मग काही नाही. मग भावोजींचा तो शांत आवाज.

"निरोप्या बाहेर गेला, पण निरोप आतच राहिलाय. तो बाहेरून कुणाला काढता येत नाही. ज्याने दिला त्यानेच उलट सांगायला हवं."

ते मोठ्याने विचार करत होते, एवढंच. त्यांना काही ठाऊक नव्हतं. पण इस्त्रीवाला माझ्याकडे बघायला लागला, तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ बघायला लागले, आणि मला उभं राहवेना. मी आत पळालो. पळताना टेबलाला धडकलो, टेबल माझ्याबरोबर घसरत आलं आणि आतल्या दाराच्या चौकटीत आडवं अडकलं. मी अलीकडे, आई पलीकडे, मध्ये टेबलाचे चार पाय. त्यातच धडपडीत हेडफोनचं बटण दाबलं गेलं आणि एक गिऱ्हाईक गळ्यातूनच मोठ्याने सुरू झालं, "हॅलो? पंप चालू होतो पण पाणी चढत नाही!"

"आई!" मी ओरडलो. "मी म्हणालो ना गं तुला, मीच म्हणालो! ताई, मी हिला गप्प बस म्हणालो, कायमची गप्प बस म्हणालो, आणि कुणाला सांगितलं नाही. आई, चुकलो मी. बोल तू. माझ्या डोक्यावर बसून बोल, नोकरी गेली खड्ड्यात, नळी घालणार आहेत गं तुला उद्या, आई…"

ताई माझं ऐकायला स्वयंपाकघरातून धावत आली, आणि मागे दूध खरोखरच उतू गेलं. काकू काय झालं म्हणून मशीन तशीच घरघरत ठेवून भिंतीवर थापा मारायला लागल्या. खाली दुसरंच कुणीतरी कपड्यांसाठी इस्त्रीवाल्याला हाका मारत होतं. गिऱ्हाईक गळ्यात "हॅलो, हॅलो" करत होतं. मी लहान पोरासारखा भोकाड पसरून रडत होतो. यातलं काहीही भावोजींच्या वहीत नव्हतं.

आईने मान वळवली. माझ्याकडे पाहिलं. घसा खाकरला. आणि हुबेहूब माझ्या कामाच्या गोड आवाजात म्हणाली,

"कृपया एका वेळी एकच तक्रार सांगा."

मग ती जी सुटली! "टेबल काय दारात घालायची वस्तू आहे का, अगं पोरी, दूध, पातेलं जळालं बघ, काकू, पट्टा उतरलाय तुमच्या मशीनचा, ऐकू येतंय इथवर, आणि त्या माणसाला म्हणावं आधी पंपात वरून पाणी ओत, मग बटण दाब, वर्षभर हेच तर सांगतोस सगळ्यांना, नाक पूस आधी." आवाज फाटका झाला होता, मध्येच खोकला येत होता, तरी थांबेना. माझा टॉवेलचा बोळा तिने उचलला आणि दाराला लागलेल्या पलंगावरूनच टेबलावर वाकून माझं तोंड पुसलं, चांगलं खसाखसा. "पुन्हा मला गप्प म्हणालास ना, तर बघ." मग खाली बघून म्हणाली, "जावईबापू, पाय सोडा आता."

भावोजींनी पाय सोडला. लगेच. एकदाच सांगितल्यावर. आणि उठून उभे राहिले.

"सव्वीस वर्षं!" ताई रडता रडता कडाडली. "सव्वीस वर्षं मी हाका मारतेय या माणसाला!"

भावोजी चष्मा काढून शर्टाला पुसत राहिले, पुसून झाला तरी पुसत राहिले. आईने बाहेरून खुर्ची मागवली, बसली, आणि भूक लागलीय म्हणाली. सोमवारचं डॉक्टरांना कळवायला ताई फोन शोधत होती. मी टेबल सोडवायला वाकलो तर पायाशी भावोजींची वही पडलेली दिसली. फेऱ्यांची दोन पानं भरली होती, वेळा, सेकंद, काय काढलं, काय ठेवलं, सगळं फुलीने खोडलेलं. खाली नीट अक्षरात एक ओळ होती, शाई अजून ओली.

"आई. पाच सत्तावन्न. खुशाल."